प्रकृतीच्या कारणास्तव

२१ जुलै २०२५, सोमवार. संसदेच्या पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. राज्यसभेचे सभापती म्हणून दिवसभर सभागृहाच्या कामात असलेले उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी रात्री साडेनऊच्या सुमारास ‘एक्स’वर एक पत्र टाकलं. प्रकृतीकडे लक्ष द्यायचं आहे, डॉक्टरांचा सल्ला पाळायचा आहे, म्हणून घटनेच्या कलम ६७(अ) नुसार तत्काळ पद सोडतो आहे, असा त्याचा गाभा, बाकी आभार. मुदत १० ऑगस्ट २०२७ पर्यंत होती. ‘ईश्वरी हस्तक्षेप झाला नाही तर योग्य वेळी, ऑगस्ट २०२७ मध्ये निवृत्त होईन’ अशा अर्थाचं त्यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जाहीरपणे सांगून जेमतेम अकरा दिवस झाले होते.

मग व्हायचं ते झालं. सरकारशी बिनसलं म्हणून, न्यायमूर्तींच्या प्रकरणात घाई केली म्हणून, बिहारच्या निवडणुकीआधी नितीशकुमारांना दिल्लीत आणायचं म्हणून, अविश्वासाचा ठराव येणार होता म्हणून, आणि खरंच छातीत दुखत होतं म्हणून. प्रत्येकाकडे एक ‘आतली’ बातमी होती. तर्क करणाऱ्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्याचं स्पष्टीकरण दोन ओळींत संपतं, त्याचा अर्थ माणसं स्वतः लावणारच. तक्रार वेगळी आहे. सगळी शक्ती ‘का गेले?’ या एका प्रश्नावर खर्च झाली. त्याचं उत्तर एकाच माणसाच्या मनात होतं, आणि ते देण्याची सक्ती कायद्याने त्याच्यावर केलेली नाही. ज्यांची उत्तरं कागदावर मिळू शकत होती आणि ज्यांच्यासाठी कुणाला तरी जाब विचारता आला असता, ते प्रश्न मात्र मागे पडले.

कुठल्याही राजीनाम्यात आधी पाहायच्या गोष्टी तीन: तो कुणाच्या नावे आहे, कधीपासून लागू आहे, आणि त्याला मंजुरी लागते का. यात पदापदाला फरक आहे. राष्ट्रपतींनी राजीनामा द्यायचा तर तो उपराष्ट्रपतींच्या नावे, आणि उपराष्ट्रपतींनी ते लगेच लोकसभा अध्यक्षांना कळवायचं. उपराष्ट्रपतींचा आणि राज्यपालांचा राष्ट्रपतींच्या नावे. लोकसभा अध्यक्षांचा उपाध्यक्षांच्या नावे, उपाध्यक्षांचा अध्यक्षांच्या नावे, विधानसभेतही तसंच. मंजुरीची अट मात्र खासदार आणि आमदारांच्या राजीनाम्याला आहे. १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीने ती आली, कारण आमदारांकडून दबावाखाली राजीनामे लिहून घेण्याचे प्रकार वाढले होते. राजीनामा स्वेच्छेचा किंवा खरा नाही असं वाटलं तर अध्यक्षांनी तो स्वीकारायचा नाही, असं कलम १०१ आणि १९० म्हणतं. मात्र तो स्वेच्छेचा आणि खरा असेल तर अध्यक्ष तो अडवून धरू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या आमदारांच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

त्यामुळे २१ जुलैच्या रात्री वाहिन्यांवर रंगलेली ‘राष्ट्रपती राजीनामा स्वीकारणार का, त्यांची समजूत काढली जाणार का’ ही चर्चाच गैरलागू होती. कलम ६७ मध्ये स्वीकारण्याचा उल्लेखच नाही. सहीचं पत्र राष्ट्रपतींना उद्देशून लिहिलं आणि त्यात ‘तत्काळ’ म्हटलं की प्रश्न मिटला. पुढची तारीख घातली असती तर गोष्ट निराळी झाली असती. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मे १९७७ मध्ये १ ऑगस्टपासून लागू होणारा राजीनामा पाठवला आणि जुलैत मागे घेतला. ते मागे घेणं वैध आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. म्हणजे ‘अमुक तारखेपासून’ आणि ‘तत्काळ’ या शब्दांमध्ये माघारीचा दरवाजा उघडा आहे की बंद, एवढं अंतर असतं. धनखड यांनी दरवाजा स्वतःच बंद केला. हे निरीक्षण त्यांच्या मनात काय होतं याविषयीच्या कुठल्याही ‘सूत्रां’पेक्षा भक्कम आहे.

दुसरी चूक ‘सहा महिन्यांत निवडणूक’ ही. सहा महिन्यांची मर्यादा राष्ट्रपतिपदाला आहे, कलम ६२ मध्ये. उपराष्ट्रपतिपद राजीनाम्याने रिकामं झालं तर कलम ६८ एवढंच म्हणतं की निवडणूक शक्य तितक्या लवकर घ्यावी. तिसरी चूक ‘हंगामी उपराष्ट्रपती कोण?’ ही. असं पदच नाही. राज्यसभेच्या सभापतींचं काम उपसभापती पाहतात, म्हणून हरिवंश आसनावर बसले. उपराष्ट्रपतिपद रिकामंच राहिलं. चौथी, ‘उरलेल्या दोन वर्षांसाठी’ माणूस निवडायचा ही. नवा उपराष्ट्रपती पूर्ण पाच वर्षांसाठी येतो. आणि मतदार फक्त दोन्ही सभागृहांचे खासदार, नियुक्त सदस्यांसह. आमदारांना इथे मत नाही. कलम ६६ ते ६८ वाचायला दहा मिनिटं लागतात. संध्याकाळच्या चर्चेला बसणाऱ्यांनी तेवढी खर्च केली असती तर निम्मी बडबड वाचली असती.

आता तर्कांकडे वळू, कारण सगळेच तर्क पोकळ नव्हते. पुरावा म्हणून पुढे आलेली प्रत्येक गोष्ट किती वजन पेलते, हे सुटं सुटं करून पाहावं लागतं.

प्रकृतीचं कारण हवेतून आलेलं नव्हतं. ९ मार्च २०२५ ला छातीत दुखू लागल्याने त्यांना दिल्लीच्या एम्समध्ये दाखल केलं होतं, १२ तारखेला घरी सोडलं. जूनच्या अखेरीस नैनिताल इथल्या कुमाऊँ विद्यापीठाच्या कार्यक्रमात त्यांना अस्वस्थ वाटलं होतं. ‘दिवसभर काम करत होते, मग आजारी कसे?’ हा सवाल ऐकायला बिनतोड वाटतो, पण हृदयाचा त्रास असलेली माणसं रोज कामाला जातातच. २३ जुलैचा जयपूर दौरा त्याच दिवशी जाहीर झाला होता, हाही फार मोठा पुरावा नव्हे. दौऱ्याचं पत्रक सचिवालय काढतं, ते आधीच ठरलेल्या कार्यक्रमावरून निघतं. मनात राजीनामा घोळत असलेला माणूस आपल्या कार्यालयाला पत्रक थांबवायला सांगत नाही. सांगितलं तर बातमी फुटते.

पण उलट बाजूही तेवढ्याच काटेकोरपणे पाहायला हवी. आजारपण खरं असणं आणि आजारपण हेच कारण असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्चमध्ये रुग्णालयातून बाहेर आल्यावर नाही, जूनमध्ये नाही, अधिवेशनाच्या आदल्या दिवशीही नाही. पहिल्याच दिवशी रात्री, आणि तेही ‘तत्काळ’. कुठल्याही डॉक्टरचा सल्ला अधिवेशन सुरू होऊन काही तास झाल्यावर लागू होत नाही. निवडलेली वेळ खटकते, आणि ती खटकल्याचं बोलून दाखवणं म्हणजे अफवा पसरवणं नव्हे.

त्या दिवशी सभागृहात घडलेल्या गोष्टी नोंदलेल्या आहेत. दिल्लीतल्या निवासस्थानी जळालेली रोकड सापडल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांना हटवण्यासाठी विरोधी खासदारांनी दिलेली नोटीस मिळाल्याचं धनखड यांनी राज्यसभेत सांगितलं. लोकसभेतही अशीच नोटीस दिली गेली आहे का, हे त्यांनी विधिमंत्र्यांना विचारलं आणि होकार मिळताच पुढच्या कार्यवाहीचं सूतोवाच केलं. बातम्यांनी इथपर्यंत सांगितलं. खरी मेख पुढे आहे. न्यायाधीश चौकशी अधिनियम, १९६८ नुसार अशा नोटिशीवर लोकसभेत किमान १०० किंवा राज्यसभेत किमान ५० सह्या लागतात. दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी नोटिसा दिल्या गेल्या, तर दोन्हीकडे प्रस्ताव दाखल करून घेतल्याशिवाय चौकशी समिती नेमता येत नाही, आणि ती लोकसभा अध्यक्ष व राज्यसभा सभापतींनी मिळून नेमायची असते. म्हणजे लोकसभेतली नोटीस सत्ताधारी आणि विरोधक अशा दोघांच्या सह्यांनी आलेली, राज्यसभेतली विरोधकांची. राज्यसभेतली नोटीस दाखल होताच या प्रक्रियेचं श्रेय आणि नियंत्रण दोन्हींत वाटेकरी तयार होणार होता. सरकारला हे आवडलं नसेल, हा तर्क कायद्याच्या चौकटीत बसणारा होता. पुढे १२ ऑगस्टला लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी १४६ सदस्यांच्या प्रस्तावावर त्रिसदस्यीय समिती एकट्यानेच जाहीर केली.

यातून राजीनाम्याचं कारण सिद्ध होतं का? नाही. पण एक सरळ, उत्तर देता येण्याजोगा प्रश्न तयार होतो: राज्यसभेत सभापतींनी स्वतः जाहीर केलेल्या त्या नोटिशीचं काय झालं, कुणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने ठरवलं? जुलैअखेरीस हा प्रश्न रोज विचारायला हवा होता. त्याऐवजी आपण धनखड कुठे राहतात, दिसत का नाहीत, फोन का लागत नाही, यात रमलो. ऑगस्टमध्ये संजय राऊत यांनी गृहमंत्र्यांना पत्र लिहून त्यांच्या ठावठिकाण्याची आणि प्रकृतीची विचारणा केली. माणूस म्हणून काळजी रास्त, पण नोटिशीची फाईल कुठे आहे ही विचारणा जास्त अडचणीची ठरली असती.

दुपारच्या बैठकीचंही तसंच. सभागृहाचं कामकाज ठरवणारी, सभापतींच्या अध्यक्षतेखालची कामकाज सल्लागार समिती त्या दिवशी साडेबाराला बसली, मग साडेचारला पुन्हा बसली. दुसऱ्या बैठकीला सभागृह नेते जे. पी. नड्डा आणि संसदीय कामकाज मंत्री किरेन रिजिजू आले नाहीत. काँग्रेसच्या जयराम रमेश यांनी त्यावर बोट ठेवलं. नड्डा यांनी, येऊ शकणार नसल्याचं आधीच कळवलं होतं, असा खुलासा केला. इथे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल, किंवा खरंच पाणी मुरत असेल. बाहेरून ठरवता येत नाही. इतकं मात्र म्हणता येतं की ही घटना दोन्ही बाजूंना मान्य आहे, वाद फक्त अर्थाचा आहे. नितीशकुमारांचा तर्क मात्र थेट तपासता येण्यासारखा होता आणि तो खोटा ठरला. उमेदवार झाले महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन. ९ सप्टेंबरला, म्हणजे राजीनाम्यानंतर पन्नास दिवसांनी मतदान झालं. त्यांना ४५२ आणि निवृत्त न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मतं पडली. नितीशकुमारांवर तास-तास चर्चा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी ‘आमचं चुकलं’ म्हटलं, हे शोधायला जाऊ नये.

विरोधकांच्या भूमिकेकडेही काणाडोळा करून चालणार नाही. याच धनखड यांना पदावरून हटवण्याची नोटीस त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये कलम ६७(ब) खाली दिली होती. उपसभापतींनी ती फेटाळली. चौदा दिवसांची पूर्वसूचना हा त्यातला एक मुद्दा होता. सात महिन्यांनी तेच सभापती अचानक संसदीय स्वाभिमानाचं प्रतीक ठरले. भूमिका बदलायला हरकत नाही, पण मग बदलाचं कारण सांगावं.

आता मूळ दुखण्याकडे. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ किंवा ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द आपल्याकडे राजीनाम्याचा छापील नमुना होऊन बसले आहेत. मार्च २०२४ मध्ये निवडणूक आयुक्त अरुण गोयल यांनी पद सोडलं. मुदत डिसेंबर २०२७ पर्यंत, दुसरे आयुक्त फेब्रुवारीतच निवृत्त झालेले, त्यामुळे आयोगात एकटे मुख्य निवडणूक आयुक्त उरले, आणि लोकसभा निवडणुकीची घोषणा एका आठवड्यावर. तिथेही शब्द तेच, वैयक्तिक कारणं.

नियमच कारण न सांगायला उत्तेजन देतात, हेही यात आहे. लोकसभेच्या नियम २४० मध्ये सदस्याच्या राजीनाम्याचा नमुना दिला आहे आणि कारण देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. कुणी दिलंच तर अध्यक्ष तो मजकूर वगळू शकतात आणि तो सभागृहात वाचला जात नाही. सदस्यापुरतं हे ठीक आहे, तो आपल्या मतदारांना बाहेर सांगू शकतो. मंत्र्यासाठी वाट मोकळी आहे: नियम १९९ नुसार राजीनामा दिलेला मंत्री अध्यक्षांच्या संमतीने सभागृहात निवेदन करू शकतो, प्रत आदल्या दिवशी द्यायची, त्यावर चर्चा होत नाही.

या वाटेचा इतिहास मराठी वाचकाला जवळचा आहे. २७ सप्टेंबर १९५१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये निवेदन करायला उभे राहण्याच्या वेळी प्रत आधी देण्यावरून आणि वेळेवरून पीठासीन उपाध्यक्षांशी वाद झाला, ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. खात्यांचं वाटप, अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळाची कार्यपद्धती आणि हिंदू कोड बिलाची गत, असं सगळं त्यात मांडलेलं आहे. प्रकृती खरोखर बरी नसताना, आजारपणामुळे गेलो असा समज होऊ नये, हेही त्यांनी त्यात स्पष्ट केलं. जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर पद सोडलं, तेव्हा लोकसभेत उभं राहून पंतप्रधानांच्या निर्णयपद्धतीवर आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी नाकारण्यावर बोट ठेवलं. त्या दोन राजीनाम्यांवर आजही वाद घालता येतो, पण तो मजकुरावर घालता येतो.

सप्टेंबर २०१९ चा दाखला लहान आहे, पण बोलका. अजित पवारांनी शुक्रवारी संध्याकाळी विधानसभा अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांच्याकडे आमदारकीचा राजीनामा दिला आणि फोन बंद केला. रात्रभर पवार घराण्यातल्या भांडणाची चर्चा. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत त्यांनी सांगितलं की सहकारी बँकेच्या प्रकरणात शरद पवारांचं नाव आल्याने अस्वस्थ होऊन पाऊल उचललं. कुणाला पटलं, कुणाला नाही. पण चोवीस तासांत त्यांच्या तोंडचं काहीतरी समोर आलं, आणि मग लोक त्याच्याशी झटापट करू लागले.

कारणाच्या मागे लागून परिणाम विसरण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभा अध्यक्षपद सोडलं. प्रदेशाध्यक्ष व्हायचं म्हणून, मंत्रिपद हवं म्हणून, अशी चर्चा आठवडाभर चालली. अध्यक्षपद त्यानंतर ३ जुलै २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा महिने रिकामं राहिलं. दरम्यान शिवसेनेत फूट पडली, तेव्हा अपात्रतेच्या नोटिसा काढायला पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी त्या काढल्या आणि त्यांच्याच अधिकारावर वाद सुरू झाला. २९ जून २०२२ च्या रात्री उद्धव ठाकरे यांनी फेसबुकवरून मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा जाहीर केला. भावनेच्या भरात की डाव म्हणून, यावर आजही बोललं जातं. घटनापीठाने ११ मे २०२३ ला सांगितलेली गोष्ट साधी होती: बहुमत चाचणीसाठी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा होता, पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता स्वेच्छेने राजीनामा देऊन मोकळे झाले, म्हणून जुनी स्थिती पूर्ववत करता येत नाही. त्या रात्री त्यांच्या मनात काय होतं याने निकालात काहीच फरक पडला नाही, सहीने पडला.

मग करायचं काय? राजीनामा देणाऱ्याचे वैद्यकीय कागद मागायचे का? मुळीच नाही. घटनात्मक पदावरच्या माणसालाही शरीर असतं आणि ते त्याचं खाजगी असतं. मागायचा तो पदाचा हिशेब. पत्र समाजमाध्यमाच्या खात्यावरून नव्हे, राष्ट्रपती भवनाकडून, मिळाल्याच्या वेळेसह त्याच रात्री प्रसिद्ध व्हावं. गृह मंत्रालयाची अधिसूचना दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला निघाली, ती अडचण नव्हती. पद सोडणाऱ्या सभापतींपुढे प्रलंबित असलेल्या नोटिसा, त्यांची स्थिती आणि आता निर्णय कोण घेणार, याची यादी सचिवालयाने सात दिवसांत सभागृहासमोर ठेवावी. आणि मंत्र्याला नियम १९९ ने जी संधी आहे, तशी राज्यसभेच्या मावळत्या सभापतींना असावी: इच्छा असेल तर लेखी निवेदन, जसंच्या तसं इतिवृत्तात, चर्चेविना. इच्छा नसेल तर ‘निवेदन केलं नाही’ अशी नोंद. गप्प राहणं हाही मग त्यांनी नोंदवलेला निर्णय ठरेल.

यात घटनादुरुस्ती कुठेच लागत नाही. कलम ११८ प्रमाणे प्रत्येक सभागृह आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करतं. तशी इच्छा कितपत आहे, याची चुणूक १ डिसेंबर २०२५ ला दिसली. नव्या सभापतींच्या स्वागताच्या भाषणात मल्लिकार्जुन खरगे यांनी, आधीच्या सभापतींना निरोप देण्याची संधी सभागृहाला मिळाली नाही, असा उल्लेख केला आणि सत्ताधारी बाकांवरून गदारोळ झाला. आजारी म्हणून गेलेल्या सभापतींना निरोप द्यायला हरकत कसली, हे मात्र त्या गदारोळात कुणी सांगितलं नाही.